पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांची काळजी : श्वसन-व्यायामाची डिजिटल उपकरणे



पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली की घरच्या माणसांचे सारे लक्ष टाक्यांकडे लागलेले असते. जखम कोरडी आहे ना, पथ्य कोणते, पाणी केव्हा द्यावे, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. ते रास्तच आहेत. तथापि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाची प्रकृती बिघडण्याचे एक मोठे कारण पोटात नसून छातीत असते, ही गोष्ट फारच थोड्या कुटुंबांना आधी ठाऊक असते. रुग्णालयातून मिळालेले श्वासाचे यंत्र औषधांच्या पिशवीत तसेच पडून राहते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप, खोकला व धाप सुरू झाल्यावर त्याची आठवण होते.

व्हीलचेअर, वॉकर, वॉटर बेड अशा रुग्णोपयोगी साहित्याच्या निमित्ताने येणाऱ्या मंडळींकडून आम्हांस या यंत्रांविषयी तीन प्रश्न वारंवार विचारले जातात. मोबाईलला जोडता येणारे नवे डिजिटल यंत्र घ्यावे की साधे तीन चेंडूंचे पुरेल? घरात आधीचे यंत्र आहे, ते दुसऱ्यास चालेल काय? आणि आम्ही नित्य प्राणायाम करतो, मग यंत्राची गरज काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून प्रस्तुत लेख देत आहोत. आम्ही वैद्यकीय तज्ज्ञ नाही. प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे ही माहिती संकलित केली आहे. आपल्या रुग्णाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द हाच अखेरचा मानावा.

शस्त्रक्रिया पोटाची, त्रास फुप्फुसांना का?

फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. श्वासाबरोबर ते फुगतात व प्राणवायू रक्तात उतरतो. निरोगी मनुष्य तासातून काही वेळा नकळत एखादा दीर्घ श्वास घेतो, सुस्कारा टाकतो किंवा जांभई देतो. अशा दीर्घ श्वासामुळे फुप्फुसांच्या तळाकडील मिटू लागलेले वायुकोश पुन्हा उघडतात.

पूर्ण भूल दिली असता हा क्रम खंडित होतो. छातीचे स्नायू शिथिल पडतात, श्वासपटल वर सरकते आणि फुप्फुसांचा खालचा भाग दबला जातो. स्वीडनमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात भुलेखालील रुग्णांचे सीटी स्कॅन घेऊन हा प्रकार प्रत्यक्ष दाखवून दिला. पूर्ण भूल दिलेल्या सुमारे ९० टक्के रुग्णांत फुप्फुसाचा काही ना काही भाग मिटतो, असे आज मानले जाते. वैद्यकीय भाषेत यास अॅटेलेक्टॅसिस म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत तो भाग पुढील काही दिवसांत आपोआप उघडतो.

पोटाच्या शस्त्रक्रियेत मात्र आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे वेदना. बरगड्यांखाली छेद असला की प्रत्येक दीर्घ श्वासाबरोबर जखम ताणली जाते. त्यामुळे रुग्ण उथळ व भराभर श्वास घेऊ लागतो आणि खोकला दाबून धरतो. दुसरी म्हणजे श्वासपटलाचे मंदावणे. जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड अशा पोटाच्या वरच्या भागातील अवयवांवर शस्त्रक्रिया झाली की श्वासपटलाचे काम काही दिवस क्षीण होते. याचे कारण केवळ वेदना नव्हे. वेदनाशामक दिले तरी ही क्षीणता पूर्णपणे जात नाही. वरच्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दीर्घ श्वासात आत जाणाऱ्या हवेचे प्रमाण निम्म्यापर्यंत उतरू शकते व ते पूर्ववत होण्यास एक ते दोन आठवडे लागतात.

मिटलेल्या भागात कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. छेद श्वासपटलाच्या जितका जवळ तितका धोका अधिक, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून गर्भाशयाच्या किंवा ओटीपोटातील शस्त्रक्रियेपेक्षा जठराच्या अथवा यकृताच्या शस्त्रक्रियेत अधिक सावध राहावे लागते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हा धोका बराच कमी केला आहे. भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ही पद्धत लहान शहरांतही रूढ आहे. लहान छेदांमुळे वेदना कमी होतात व रुग्ण लवकर उठून बसतो. परंतु त्यातही भूल द्यावी लागतेच आणि पोटात वायू भरल्याने शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासपटल वर ढकलले जाते. तेव्हा 'दुर्बिणीने झाली, आता काळजी नाही' असे म्हणून श्वसनाच्या व्यायामाकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

धोका कोणास अधिक?

स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील ५९ रुग्णालयांत केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फुप्फुसांच्या गुंतागुंतीची सात पूर्वलक्षणे निश्चित करण्यात आली. वाढलेले वय, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मुळात कमी असणे, मागील महिन्याभरात श्वसनमार्गाचा संसर्ग झालेला असणे, रक्तक्षय, छेद पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीवर असणे, शस्त्रक्रिया दोन तासांहून अधिक चालणे आणि ती तातडीने करावी लागणे, ही ती सात लक्षणे होत. यांखेरीज धूम्रपान, दमा वा जुना श्वसनविकार, स्थूलता व अशक्तपणा यांचाही विचार डॉक्टर करतात. यांपैकी काही आपल्या रुग्णास लागू असेल, तर भूलतज्ज्ञांस शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्टपणे सांगावे. महिन्याभरापूर्वीचा खोकला क्षुल्लक समजून लपवू नये.

या उपकरणांची पूर्वपीठिका

श्वासाचे मोजमाप करणारे स्पायरोमीटर हे यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने तयार केले. दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या श्वासाची मोजणी करून त्याने १८४६ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा भाग मिटतो, याकडे लंडनचे डॉ. विल्यम पाश्चर यांनी १९१० च्या सुमारास लक्ष वेधले. (जंतुशास्त्रज्ञ लुई पाश्चर ते हे नव्हेत.)

आज प्रचलित असलेल्या व्यायाम-यंत्राचे मूळ मात्र जांभईत आहे. अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. रॉबर्ट बार्टलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली जांभईचे शरीरशास्त्र व शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेत तिचा उपयोग या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी रुग्णास फुगे फुगवायला देण्याची किंवा यंत्राने दाबाखाली हवा देण्याची रीत होती. बार्टलेट यांचे म्हणणे असे, की हवा बाहेर फुंकल्याने मिटलेले वायुकोश उघडत नाहीत. ते उघडण्यासाठी हवा सावकाश, पूर्णपणे आत घेऊन क्षणभर रोखली पाहिजे, जसे जांभईत आपोआप घडते. रुग्णास आपला श्वास डोळ्यांनी दिसावा व त्यास हुरूप यावा, अशा हेतूने त्यांनी यंत्र घडविले. म्हणून त्यास 'इन्सेन्टिव्ह स्पायरोमीटर', म्हणजे प्रोत्साहन देणारे श्वासमापक, असे नाव पडले.

आपल्याकडे आजही काही ज्येष्ठ मंडळी रुग्णास फुगा किंवा शंख फुंकण्याचा सल्ला देतात. पोटावर ताजे टाके असताना जोराने फुंकल्यास पोटातील दाब वाढतो व टाक्यांवर ताण येतो. हा सल्ला डॉक्टरांस विचारल्याखेरीज मुळीच अमलात आणू नये.

उपकरणांचे प्रकार

पहिला प्रकार तीन चेंडूंच्या यंत्राचा. औषधांच्या दुकानात सर्वत्र मिळणारे व कोविडच्या काळात, २०२० व २०२१ साली, घरोघरी पोहोचलेले यंत्र ते हेच. श्वास आत ओढला की तीन नळ्यांतील चेंडू क्रमाने वर उठतात. नळ्यांवर बहुधा ६००, ९०० व १२०० असे आकडे असतात. हे आकडे श्वासाचा वेग दाखवितात, त्याचे आकारमान नव्हे. पहिला चेंडू तीन सेकंद वर राहिला तर ६०० गुणिले ३, म्हणजे सुमारे १८०० मिलिलिटर हवा आत गेली. तिन्ही चेंडू एका झटक्यात सेकंदभर उडविले तर जेमतेम १२०० मिलिलिटर गेली. म्हणजेच तिन्ही चेंडू उडविणारा रुग्ण एकच चेंडू सावकाश धरून ठेवणाऱ्यापेक्षा कमी श्वास घेत असू शकतो. आमच्या पाहण्यात असे पुष्कळ येते, की नातेवाईक कौतुकाने 'तिसरा चेंडू उडवा' असा आग्रह धरतात. त्याऐवजी 'पहिला चेंडू किती वेळ धरता येतो' हे पाहावे.

दुसरा प्रकार आकारमान दाखविणाऱ्या यंत्राचा. यात उभ्या नळीत एक दट्ट्या असतो व तो मिलिलिटरच्या खुणांवर चढत जातो. बाजूस वेग दर्शविणारी छोटी गोळी असते. ती ठरलेल्या पट्ट्यात राहिली की श्वास योग्य गतीने चालला आहे असे समजावे. या यंत्रात श्वास खरोखर किती गेला हे कळते, म्हणून अनेक फिजिओथेरपिस्ट यास पसंती देतात.

तिसरा प्रकार डिजिटल उपकरणांचा. काहींत नळीतील छोटी चक्री हवेबरोबर फिरते व तिचे फेरे मोजले जातात. काहींत नळीच्या दोन बिंदूंमधील हवेच्या दाबाचा फरक मोजून वेग काढला जातो. वेग व काळ यांचा हिशेब करून उपकरण श्वासाचे आकारमान दाखविते आणि ब्लूटूथद्वारे मोबाईलवर पाठविते. साध्या यंत्रास जोडावयाचे संवेदकही तयार झाले आहेत.

खरेदीच्या वेळी आणखी तीन उपकरणांशी गल्लत होते, तीही लक्षात ठेवावी. दम्याच्या रुग्णांसाठी असलेले डिजिटल स्पायरोमीटर व पीक-फ्लो मीटर ही तपासणीची साधने होत. त्यांत जोराने फुंकावे लागते. पोटाच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर ती डॉक्टरांच्या सांगण्यावाचून वापरू नयेत. श्वास सोडताना अडथळा निर्माण करून कफ सुटा करणारी उपकरणे निराळी. आणि श्वास घेताना अडथळा देऊन स्नायूंस बळकटी आणणारी उपकरणे त्याहून निराळी. दुकानदार या सर्वांस 'श्वासाची मशीन' या एकाच नावाने ओळखतो, म्हणून डॉक्टरांकडून प्रकार लिहून घ्यावा.

डिजिटल उपकरण नेमके काय करते?

हे उपकरण रुग्णाच्या वतीने श्वास घेत नाही, फुप्फुसात हवा भरत नाही व औषधही देत नाही. त्याची कामे चार. श्वास मोजणे, ठरलेल्या वेळी आठवण करून देणे, दिवसभराची नोंद ठेवणे आणि ती नोंद डॉक्टर वा फिजिओथेरपिस्ट यांस दाखविणे. काही उपकरणांत पडद्यावर खेळ असतो. श्वास नीट घेतला की पक्षी वर जातो किंवा नाव पुढे सरकते. लहान मुले व कंटाळलेले रुग्ण यांस त्याचा उपयोग होतो.

ही कामे वाटतात तितकी किरकोळ नाहीत. जागेपणी दर तासाला १० दीर्घ श्वास, अशी सूचना सामान्यतः दिली जाते. १४ तास जागे असलेल्या रुग्णाने त्याप्रमाणे दिवसाला १४० श्वास घ्यावयास हवेत. प्रत्यक्षात काय घडते, याचे उत्तर अमेरिकेत झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतून मिळते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १६० रुग्णांस आपोआप नोंद ठेवणारे श्वासयंत्र देण्यात आले. निम्म्या रुग्णांच्या यंत्रात दर तासाला घंटा वाजे, उरलेल्यांच्या यंत्रात ती बंद ठेवली होती. घंटा नसलेल्या रुग्णांनी दिवसाला सरासरी १७ श्वास घेतले, घंटा असलेल्यांनी सुमारे ३५. घंटा असलेल्या गटात फुप्फुस मिटण्याचे प्रमाणही सौम्य आढळले.

या चाचणीतून दोन गोष्टी कळतात. केवळ आठवण करून दिल्याने व्यायाम दुप्पट होतो, ही पहिली. आणि आठवण करून देऊनही तो सांगितलेल्या संख्येच्या कितीतरी खाली राहतो, ही दुसरी. ही चाचणी हृदयाच्या रुग्णांवर झालेली आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेस तिचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु मनुष्याचा विसराळूपणा दोहोंकडे सारखाच असतो.

संशोधन काय सांगते?

येथे वाचकांस एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. वरच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साध्या श्वासयंत्राचा उपयोग होतो काय, याचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ साली घेतला. १२ चाचण्या व १,८३४ रुग्ण त्यात समाविष्ट होते. केवळ हे यंत्र दिल्याने फुप्फुसांची गुंतागुंत कमी होते असे त्यात दिसून आले नाही. मूळ चाचण्यांचा दर्जाही फारसा समाधानकारक नव्हता. अनेक चाचण्यांत रुग्णांनी यंत्र खरोखर किती वापरले याची नोंदच नव्हती. अमेरिकेतील श्वसनोपचार-तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच म्हटले आहे, की हे यंत्र एकटे वापरू नये. दीर्घ श्वसन, योग्य रीतीने खोकणे, वेदनांचे शमन व लवकर चालणे यांच्या जोडीने ते वापरावे.

सर्व उपाय एकत्र केले तर काय होते, याचे उदाहरण बॉस्टन येथील एका विद्यापीठीय रुग्णालयाने घालून दिले. श्वासयंत्र, खोकणे व दीर्घ श्वसन, तोंडाची स्वच्छता, रुग्ण व कुटुंबीयांस समजावून सांगणे, दिवसातून तीन वेळा बिछान्यातून उठविणे आणि उशाकडील बाजू उंच ठेवणे, असा सहा कलमी क्रम तेथे लावण्यात आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार शस्त्रक्रियोत्तर न्यूमोनियाचे प्रमाण २.६ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. या सहांपैकी यंत्र हे केवळ एक कलम आहे. उरलेल्या पाचांस पैसा लागत नाही, माणूस लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

सर्वांत बोलका पुरावा शस्त्रक्रियेपूर्वीच्या शिकवणीविषयी मिळतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे वरच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया ठरलेल्या ४४१ रुग्णांवर एक चाचणी झाली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटास केवळ माहितीपत्रक दिले. दुसऱ्या गटास त्याबरोबर फिजिओथेरपिस्टने शस्त्रक्रियेच्या आधी एकदाच, ३० मिनिटे, समक्ष बसवून श्वसनाचे व्यायाम शिकविले व शुद्धीवर येताच ते सुरू करण्याचे महत्त्व पटविले. पहिल्या गटात २७ टक्के रुग्णांस फुप्फुसांची गुंतागुंत झाली, दुसऱ्यात १२ टक्के. अर्ध्या तासाच्या या शिकवणीत कोणतेही महाग उपकरण नव्हते.

श्वासाच्या स्नायूंस बळकटी देणाऱ्या उपकरणांचा शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे सराव केल्यास फुप्फुस मिटणे व न्यूमोनिया यांचे प्रमाण घटते, असे कॉक्रेनच्या २०१५ सालच्या आढाव्यात १२ चाचण्यांच्या आधारे दिसून आले. मात्र तो सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो.

म्हणून ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

१) श्वासयंत्र शस्त्रक्रियेच्या आधीच घ्यावे व निदान आठवडाभर सराव करावा. वेदना व गुंगी असताना नवी गोष्ट शिकणे कठीण जाते.
२) आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवावा. समजा, शस्त्रक्रियेपूर्वी २००० मिलिलिटर श्वास जात होता, तर दुसऱ्या दिवशी १००० आल्यास घाबरू नये. तो हळूहळू पूर्वपदावर आणणे हे उद्दिष्ट. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या आकड्याशी तुलना करू नये.
३) बिडी, सिगारेट व तंबाखू तत्काळ बंद करावी. निदान चार आठवडे आधी बंद केल्यास लाभ अधिक.
४) फिजिओथेरपिस्टची भेट मागून घ्यावी. आपल्या शहरात या सूचना बहुधा हिंदीतून व यंत्राच्या पेटीवर इंग्रजीतून मिळतात. घरातील वृद्धांस त्या मराठीतून समजावून सांगणारी एक व्यक्ती त्या वेळी सोबत असावी.

वापरण्याची रीत

१) पाठीला आधार देऊन शक्य तितके ताठ बसावे. आडवे पडून व्यायाम करू नये.
२) वेदनाशामक औषध दिल्यानंतर, त्याचा परिणाम सुरू झाला की व्यायाम करावा. वेदना सोसण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. वेदना असेल तर श्वास उथळ राहतो, म्हणून ती परिचारिकेस सांगावी.
३) प्रथम नेहमीसारखा श्वास सोडावा. नंतर नळी ओठांत घट्ट धरावी. नाकाने हवा जात असेल तर नाक अलगद धरावे.
४) सावकाश, खोलवर श्वास आत घ्यावा. झटका देऊ नये. यंत्रात फुंकू नये.
५) श्वास पूर्ण भरल्यावर ३ ते ५ सेकंद रोखावा. या अवधीत मिटलेल्या वायुकोशांत हवा पसरते.
६) नळी काढून शांतपणे श्वास सोडावा. दोन श्वासांमध्ये थोडी विश्रांती घ्यावी.
७) असे १० श्वास झाल्यावर जखमेवर उशी किंवा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी दाबून धरावा व दोन-तीन वेळा खोकून कफ काढावा. उशीच्या आधारामुळे टाक्यांवरील ताण कमी होतो.
८) जागेपणी दर तासाला हा क्रम करावा. १० एकदम जमत नसतील तर पाच-पाच करावेत. झोपेतून उठविण्याची आवश्यकता नाही.

केव्हा थांबावे व कोणास कळवावे?

चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास फार भराभर होत आहेत असे समजून थांबावे. काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. पुढील लक्षणे दिसल्यास मात्र यंत्र बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांस गाठावे : विश्रांती घेतानाही धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ वा नखे निळसर होणे, थंडी वाजून ताप येणे, पिवळा-हिरवा किंवा रक्तमिश्रित बेडका पडणे, पोटरी सुजून दुखणे, गोंधळल्यासारखे वागणे, टाके उसवणे वा जखमेतून अचानक पाणी वाहणे. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असणे, नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली असणे, किंवा रुग्ण सूचना समजण्याच्या स्थितीत नसणे, अशा प्रसंगी परवानगीवाचून यंत्र देऊ नये.

मोबाईलवर हिरवी खूण आली म्हणून धाप लागलेल्या रुग्णास घरी थांबवून ठेवू नये. उपकरण व्यायामाची नोंद ठेवते, रोगाचे निदान करीत नाही.

प्राणायाम करणाऱ्यांसाठी

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला, ही मराठी वाचकांस अभिमानाची गोष्ट आहे. ज्यांना संथ व दीर्घ श्वसनाची सवय आहे त्यांस या यंत्राची रीत लवकर साधते, यात नवल नाही. परंतु कपालभाती व भस्त्रिका यांत पोटाच्या स्नायूंस वेगाने झटके बसतात, आणि उड्डियान बंधात पोट आत खेचले जाते. ताज्या टाक्यांवर या क्रिया घातक ठरू शकतात. शल्यविशारदांची स्पष्ट परवानगी मिळेपर्यंत, मग त्यास काही आठवडे लागोत वा महिने, त्या पूर्णपणे वर्ज्य कराव्यात. संथ दीर्घ श्वसन मात्र डॉक्टरांस विचारून लवकर सुरू करता येते. यंत्र हाती नसल्यास वर दिलेल्या रीतीने, नळीवाचून घेतलेले दहा श्वासही उपयुक्तच आहेत.

खरेदी व स्वच्छता

डिजिटल उपकरण घ्यावे की नाही, याचे उत्तर रुग्णाजवळ कोण आहे यावर अवलंबून आहे. घरात दर तासाला आठवण करून देणारे माणूस असेल, तर साधे यंत्र व घड्याळ पुरेसे आहे. रुग्ण एकटा राहत असेल, मुले परगावी वा परदेशी असतील, किंवा फिजिओथेरपिस्ट दुरून नोंद पाहणार असतील, तर डिजिटल उपकरणाचा खर्च सार्थकी लागू शकतो. घेण्यापूर्वी रुग्णास मोबाईल हाताळता येतो काय, आकडे मोठ्या अक्षरांत दिसतात काय, भाषा समजते काय व नळी बदलून मिळते काय, हे पाहावे. जे वृद्ध मोबाईल पाहून गोंधळतात त्यांस तीन चेंडूच बरे.

भारतात 'वैद्यकीय उपकरण नियम, २०१७' लागू असून १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पेटीवर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव व परवाना क्रमांक पाहून व पावती घेऊनच खरेदी करावी. अॅपमध्ये आरोग्याची माहिती भरण्यापूर्वी ती कोठे जाते हेही वाचून घ्यावे.

नळी रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. विजेचा भाग पाण्यात बुडवू नये.

आता वापरलेल्या यंत्राविषयी. साधे श्वासयंत्र हे एकाच रुग्णासाठी असते. त्याच्या आतील भागांत थुंकी व ओलावा राहतो व तो घरी निर्जंतुक करता येत नाही. कोविडच्या काळात आणलेले, कपाटात पडून राहिलेले यंत्र नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तोंडी देणे म्हणजे ज्या न्यूमोनियापासून त्यास वाचवावयाचे त्यालाच निमंत्रण देणे होय. वापरलेली यंत्रे देणगी म्हणून आणून देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ती स्वीकारता येत नाहीत. व्हीलचेअर, वॉकर यांचे पुनर्वापर निश्चित करावे. श्वासयंत्र द्यावयाचेच असेल तर नवे, बंद पेटीतील द्यावे.

घरच्या मंडळींस विनंती

रुग्णास भेटावयास जाताना आपण फळे नेतो, प्रकृतीची विचारपूस करतो व निघतो. त्या दहा मिनिटांत रुग्णास बसते करून दहा श्वास घ्यावयास लावावेत, परवानगी असल्यास हात धरून खोलीच्या दारापर्यंत चालवावे आणि वहीत एक रेघ ओढावी. दिवसाअखेरीस त्या वहीत दहा-बारा रेघा झाल्या, तर महागड्या उपकरणाचे निम्मे काम झाले असे खुशाल समजावे.

ही माहिती ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांच्यापर्यंत शस्त्रक्रियेच्या आधी पोहोचवावी, ही नम्र विनंती. सर्व रुग्णांस लवकर आरोग्य लाभो.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव